रायबाची चेन

"झालं का वो?" फुलाबाईनं गोठ्याच्या कुडापलीकडून विचारलं. "मोटारीचा वकुत झाला."

"झालं. तू हो म्होरं."

झालं नव्हतं. रायबा गोठ्यात भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि विजारीची चेन तिसऱ्यांदा खाली आली होती. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं त्याला उरली होती. उजवा हात मनगटाच्या वरच संपत होता. त्या दोन बोटांच्या चिमटीत पितळेची इवलीशी कडी धरायची आणि श्वास रोखून वर ओढायची. कडी नीट वरपर्यंत जायची. मग तो चिमटी सोडून एक पाऊल टाकायचा, दुसरं टाकायचा, आणि पोटाखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटायचं. आवाज म्हणून व्हायचा नाही. खाली बघावं तर कडी निम्म्यावर आणि विजार पुढून उघडी.

महिनाभर ही कडी मधूनच सरकत होती. आज मात्र ती ठरतच नव्हती, आणि आजच त्याला भोरला साहेबापुढं उभं राहायचं होतं.

त्यानं चौथ्यांदा कडी वर ओढली, कापडाची पिशवी पोटापुढं धरली आणि बाहेर आला. फुलाबाई, त्याची बायको, दारात भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. तिची नजर त्याच्या तोंडावर होती, तरी त्याला वाटलं ती खालीच बघतेय.

"म्या येऊ का संगं?" ती म्हणाली.

"कशाला? म्या काय ल्हान हाय?"

तिनं भाकरीचं फडकं त्याच्या पिशवीत सारलं. तो गाडीवाटेनं रस्त्याकडं निघाला. वरव्यापासून हमरस्ता फर्लांगभर होता. तेवढ्यात त्यानं दोनदा थांबून, झाडाकडं वळून, चेन चाचपली.

वरवे बुद्रुकमधले सहा जण लढाईवर गेले होते. रायबा त्यांतला एक. इटलीत एका नदीच्या काठी, लढाई संपायला महिना उरला असताना, बांधात पुरलेला सुरुंग काढताना त्याचे हात गेले. बाकीचं अंग जसंच्या तसं राहिलं. वर्षभर तो इस्पितळांतून फिरत राहिला. त्या वर्षात त्याला सगळ्यात जास्त कशाचं भय वाटलं असेल तर सकाळचं. सकाळी वॉर्डातला नोकर यायचा, त्याला उठवायचा, कपडे घालायचा, बटणं लावायचा. नोकर कधी चटकन यायचा, कधी यायचाच नाही. मग रायबा पाय आवळून खाटेवर बसून राहायचा. एकदा नोकर फारच उशिरा आला. त्या दिवसाबद्दल रायबानं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पुण्याच्या लष्करी इस्पितळात एक मद्रासी नर्स होती. एका वैमानिकाच्या फाटलेल्या पोशाखाची चेन तिनं उसवून आणली आणि रायबाच्या खाकी विजारीला पुढच्या बटणांच्या जागी शिवली. कमरेला एक मोठा पितळी आकडा लावला, आणि खांद्यावरून घ्यायचे पट्टे मागंपुढं कायमचे शिवून टाकले, त्यामुळं सदरा विजारीच्या आतच राहायचा. दोन दिवस तो नुसतं ओढायला शिकत होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतः विजार घालून, स्वतः चेन लावून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. कुणालाही हाक न मारता.

गावात आल्यावर फुलाबाईनं नवं धोतर काढून ठेवलं होतं. ते त्याला नेसता येईना. पायजम्याची नाडी दोन बोटांनी बांधता येईना. मग तो खाकी विजारच घालू लागला. दर आठ दिवसांनी फुलाबाई ती रात्री धुऊन चुलीच्या उबेला वाळवायची. तशी विजार पंचक्रोशीत दुसरी नव्हती. लोक विचारायचे, "रायबा, त्ये दात कसं मिटत्यात रं, दाव की." तो दाखवायचा नाही.

आणि आता ती विजार दगा देत होती.

नऊच्या सुमाराला सर्व्हिस मोटार आली. शिवऱ्यापासूनच भरली होती. क्लीनरनं त्याला दंडाला धरून वर घेतलं. बाकावर जागा नव्हती. सगळे वरचा दांडा धरून उभे होते. रायबाला दांडा धरता येत नव्हता आणि धरता आला असता तरी त्यानं धरला नसता. त्यानं पाठ पत्र्याला टेकली, पिशवी पोटाशी घेतली आणि पिशवीमागं दोन बोटांनी कडी धरून ठेवली.

कापूरहोळच्या वळणावर मोटार कलली. पिशवी दंडावरून घसरून खाली पडली. ती उचलायची तर कडी सोडावी लागणार होती. त्यानं ती सोडली नाही. तो तसाच उभा राहिला, डावा हात विजारीच्या पुढं.

समोरच्या बाकावर दोन बायका होत्या. त्यांतल्या एकीनं पदर ओढून तोंड फिरवलं. तिच्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं लक्ष गेलं.

"काय रं ए!" म्हातारा ओरडला. "बायामान्सं हाईत म्होरं. हात कुठं ठिवलाय? लाज हाय का न्हाई?"

सगळी मोटार वळून बघू लागली. सांगायचं काय? चेन सरकते म्हणून? चेन म्हणजे काय हे इथं कुणाला ठाऊक होतं?

"काढ म्हंतो न्हवं त्यो हात!"

रायबानं उघडं दिसू नये म्हणून अंग मुडपून घेतलं आणि हात वर केला. अंगठा, करंगळी, आणि मध्ये नुसता गुळगुळीत, गुलाबी मांसाचा गोळा. उजवी बाही रिकामी लोंबत होतीच, ती आता सगळ्यांना दिसली.

म्हातारा बघत राहिला. मग तो जागेवरून उठला. त्यानं खाली वाकून पिशवी उचलली, रायबाच्या दंडात अडकवली आणि हळू आवाजात म्हणाला, "बस लेकरा. चुकलं माझं. बस."

रायबा बसला. शिव्या खाणं बरं होतं असं त्याला वाटलं. शेजारच्या बायकांनी अंग चोरून त्याला जागा करून दिली, आणि भोर येईपर्यंत मोटारीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. पिशवीखाली चेन पुन्हा उतरली होती. ते त्याला न बघताच कळलं.

साहेबानं बारा वाजता बोलावलं होतं. गावाबाहेर घाटाच्या रस्त्यावर जंगल खात्याचा नाका होता. लाकूडफाटा, कोळसा, गवताच्या गाड्या तिथं थांबवून पास बघायचे आणि आडवा दांडा वर करून सोडायचं, असं तिथल्या नोकरीचं काम होतं. लढाईवरून आलेल्यांचा आधी विचार करू, असं पत्र आलं होतं. पत्रात हातांबद्दल काही नव्हतं. रायबानंही अर्जात ते कळवलं नव्हतं. अर्ज लिहून देणारा मास्तर म्हणाला होता, "तिथं गेल्यावर बघतीलच ते."

बाजारात शिंप्यांची तीन दुकानं होती. पहिल्यासमोरून तो तसाच पुढं गेला, तिथं पोरींची गर्दी होती. दुसऱ्यात दोन ओळखीची माणसं पान खात बसली होती. तिसरं दुकान बोळात होतं. चष्म्याला दोरा बांधलेला एक म्हातारा शिंपी यंत्रावर वाकला होता आणि त्याची बायको जमिनीवर बसून काजं करत होती.

रायबा उंबऱ्याशी उभा राहिला.

"काय शिवायचं, पावनं?" शिंप्यानं विचारलं.

"शिवायचं न्हाई. ह्ये... सरकतंय."

"काय सरकतंय?"

रायबानं बाईकडं बघितलं. ती वयस्क होती. तिनं त्याच्या बाहीकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, सुईदोरा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "म्या च्याचं बघते आत." जाता जाता तिनं दुकानाचा पडदा ओढला.

"सगुणा लई शानी हाय," शिंपी म्हणाला. "बोला आता. म्या ज्ञानू शिंपी. चाळीस वर्सं लोकांच्या विजारी बघतोय, मला काय लाजायचं?"

रायबानं पिशवी बाजूला केली.

ज्ञानू शिंप्यानं चष्मा वर सरकवला, खाली केला, पुन्हा वर सरकवला. "आरं तिच्या! ही ती साखळी व्हय? म्या आयकून हुतो. मुंबैला गोऱ्या सायबांच्या विजारींना आस्ती म्हून." त्यानं बोट लावून कडी वर केली, सोडली, पुन्हा वर केली. "काढून द्या. अशी अंगावर न्हाई समजायची."

आकडा सोडून विजार उतरवायला रायबाला वेळ लागला. ज्ञानूनं मदतीला हात पुढं केला, तसा रायबा मागं सरला. ज्ञानूनं हात आवरला. पण मग नेसायला दिलेलं धोतर काही रायबाला आवळता येईना, आणि शेवटी ज्ञानूनंच त्याच्याभोवती हात घालून गाठ मारली. रायबा छताकडं बघत राहिला. त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. माघातली सकाळ होती, तरी.

शिंप्यानं विजार उजेडात धरली. बराच वेळ दातांवरून नखं फिरवली.

"दात बरं हाईत," तो म्हणाला. "ह्यो मधला तुकडा झिजून फाकलाय. दोनी बाजूंचं दात घट धरत न्हाई, म्हून घसरतोय. सोनाराची बारीक पक्कड लावून दाबला तर धरंल."

"मग दाबा."

"लई दाबला तर मोडंल. पितळ हाय. आन मोडला तर भोरात काय, पुन्याला बी मिळायचा न्हाई."

ज्ञानूनं सुई हातात घेतली.

"दुसरं सांगू का? दोन टाकं घालून बंदच करून टाकतो. सांजच्यापत्तोर हालणार न्हाई. तुमी सायबाला निवांत भेटा."

"आन मधी लागली तर?"

"तर काय, कुनाकडनं तरी उसवून घ्याचं."

कुणाकडून तरी. रायबाला इस्पितळातली खाट आठवली, आवळलेले पाय आठवले.

"टाकं नकोत," तो म्हणाला. "दाबा तुमी. मोडला तर मोडू द्या."

ज्ञानू शेजारच्या सोनाराकडून पक्कड घेऊन आला. दिव्याची वात पुढं घेतली. तुकड्याची एक कड पकडीत धरली आणि दाबली, अगदी जराशी. ओढून बघितलं. मग दुसरी कड. पितळ कुरकुरलं तसे रायबानं डोळे मिटले. खंदकातसुद्धा त्यानं असे डोळे मिटले नव्हते.

"धरतंय," शिंपी म्हणाला.

तरी ज्ञानूचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यानं कडीच्या भोकातून मेण लावलेला पक्का दोरा ओवला, त्याचा फासा केला आणि तो वरच्या आकड्यात अडकवला. "आता तुकडा घसरायला गेला तरी फासा त्याला वर धरंल. अंगठ्यानं ढकलला की सुटतोय. बघा जमतंय का."

विजार चढवून रायबानं चार वेळा करून बघितलं. जमलं. सगुणाबाईनं पडद्याआडून चहाची कपबशी सरकवली. कप ओठाला लावायला कुणी मदत करील या भीतीनं त्यानं तो घाईघाईनं दोन बोटांत धरून तोंड भाजत संपवला.

नाक्यावर साहेब आधीच येऊन बसला होता. कोट, पागोटं, पुढ्यात लाकडी टेबल. बाजूला आनंदराव नावाचा तरणा कारकून दौत-टाक घेऊन बसलेला. आणखी एकच उमेदवार होता, भोंगवलीचा. रुंद खांद्यांचा, दोन्ही हात धड. पोरगेलेसा होता आणि लढाईवर कुठल्याशा छावणीत स्वैपाकी होता.

"नाव?"

"रायबा, सायेब. वरवं बुद्रुक." रायबानं टाचा जुळवल्या आणि डावा हात कपाळाला लावला. फासा धरून होता. त्याला तो जाणवत होता.

साहेबानं त्या हाताकडं बघितलं, बाहीकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं.

"अर्जात हे लिहिलेलं नाही."

"न्हाई, सायेब."

"नाक्याचा दांडा दोरानं ओढून वर करायचा असतो. त्याला दोन हात लागतात. कसा ओढणार तू?"

"म्या ओढतो, सायेब. बघा तुमी."

आनंदरावानं मान खाली घालून हसू आवरलं. साहेब म्हणाला, "बघू. गाडी येते आहे ती. तिला सोड."

घाटाकडून गवतानं भरलेली बैलगाडी येत होती. रायबाच्या ओळखीचा गेनू गाडीवान धुरीवर बसला होता आणि मागं भाऱ्यांवर त्याची म्हातारी आई. रायबा खांबापाशी गेला. लांब, सागवानी, जड दांडा. त्याच्या आखूड टोकाला दगड बांधलेला, पण तो हलका पडत होता, म्हणून दांडा वर गेला तरी गाडी पार होईपर्यंत दोर ओढूनच धरावा लागे. घरी विहिरीचा दोर घेऊन रायबानं हे पंधरा दिवस केलं होतं. त्यानं दोर उजव्या थोट्या हाताला वेढला, दोन वेढे डाव्या हाताला घेतले आणि सगळं वजन मागं टाकलं. दांडा कुरकुरत वर गेला.

"जाऊ दे गाडी!" साहेब म्हणाला.

बैल दांड्याखाली आले आणि वरच्या लाकडाची सावली बघून बुजले. गाडी थांबली. दांडा बरोबर म्हातारीच्या डोक्यावर. गेनूनं शेपटी पिळली, बैल आडवे झाले.

आणि तेव्हा रायबाला ते जाणवलं. मागं रेललेल्या अंगानं खांद्यावरचे पट्टे ताणले होते, आकडा वर ओढला गेला होता, आणि पितळेच्या धारेवर दोरा एकेक पीळ सुटत चालला होता. त्यानं पोट आत ओढलं. दोरा तुटला. दाबलेला तुकडा क्षणभर थांबला. मग कडी उतरली. थेट तळापर्यंत.

थंड वारा आत शिरला.

आधी आनंदरावाच्या नाकातून आवाज आला. मग भोंगवलीचा गडी हसला, मग रस्त्याकडेला पास घेऊन बसलेले चार कोळसेवाले. कुणीतरी म्हणालं, "आरं, त्याचं दार उगडलं बघा!"

दोर सोडला की एका क्षणात हात पुढं घेता आला असता. रायबाच्या अंगातली प्रत्येक शीर तेच सांगत होती. त्यानं वर बघितलं. दांड्याचं टोक हलत होतं. त्याच्याखाली म्हातारीचं पांढरं डोकं होतं, आणि ती भाऱ्यांना दोन्ही हातांनी धरून बसली होती, तिला वर काय आहे हे दिसतही नव्हतं.

"बैल धर गेनूऽ!" रायबा ओरडला. "खाली उतर आन बैल धर!"

त्यानं पाय रोवले. दोर थोट्यात रुतला, जुनी जखम फाटल्यासारखी झाली. तो तसाच उभा राहिला, सगळ्यांच्या समोर, उघडा. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात नव्हता. गेनू उतरला, त्यानं वेसण धरली, बैलांना चुचकारलं. एक चाक हललं. मग दुसरं. हसणारे एकेक करून थांबत गेले. शेवटी नुसता दोराचा आवाज उरला.

गाडी पार झाली. रायबानं दांडा आदळू दिला नाही. वीतवीत दोर सोडत तो खाली आणला आणि जाग्यावर टेकवला. मग त्यानं हाताचे वेढे काढले, खांबाकडं तोंड केलं आणि दोन बोटांनी कडी शोधू लागला. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. मदतीला कुणी आलं नाही. साहेब टेबलावरच्या कागदात बघत राहिला. कडी लागल्यावर रायबा वळला, पुढं आला आणि टाचा जुळवून उभा राहिला.

"दोर का सोडला नाहीस?" साहेबानं विचारलं.

"खाली म्हातारी हुती, सायेब."

साहेबानं टाक उचलला, दौतीत बुडवला. "आनंदराव, याचं नाव घ्या. सोमवारी सकाळी सहाला हजर हो. आणि त्या विजारीचं काहीतरी कर."

आनंदरावानं नाव लिहिलं. लिहिताना त्यानं मान वर केली नाही.

परतीच्या मोटारीला वेळ होता. रायबा नदीच्या घाटावर जाऊन बसला. सोमवारी त्याच खांबापाशी उभं राहायचं होतं, त्याच लोकांसमोर. उद्या बाजारभर त्याला नाव पडलेलं असेल. नोकरी मिळाली होती आणि भीती काही कमी झाली नव्हती.

दिवेलागणीला तो घरी पोचला. फुलाबाई चुलीपाशी होती. तिनं वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"सोमवारपासनं जायचंय," तो म्हणाला.

"मिळाली?"

"मिळाली." तो भिंतीला टेकून खाली बसला. "समद्यांनी बघितलं मला, फुला. हसलं समदं. विजार पार उगडी हुती."

फुलाबाईनं तव्यावर भाकरी टाकली.

"म्या दोर सोडला न्हाई," तो म्हणाला.

मग बोलता बोलता त्यानं सगळं सांगितलं. मोटारीतला म्हातारा, शिंप्यानं मारलेली धोतराची गाठ. त्याच्याही मागं जाऊन इस्पितळातली ती सकाळ, जेव्हा नोकर उशिरा आला. आणि त्याच्याही मागं, बांधावरची ओली माती आणि तिच्यात दिसलेला तारेचा तुकडा. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तव्यावरची भाकरी जळाली. फुलाबाईनं ती हातानंच खाली ओढली आणि ऐकत राहिली.

शेवटी तो थांबला. उजव्या बाहीला रक्ताचा डाग पडला होता, दोर रुतला होता तिथं. नऊ-दहा महिन्यांत त्यानं तो हात तिला एकदाही बघू दिला नव्हता. बाही तो दातांनी वर ओढू लागला. जमेना, तेव्हा त्यानं हात तिच्यापुढं केला.

फुलाबाईनं बाही वर सारली. चुलीवरच्या भांड्यातलं ऊन पाणी तिनं पितळीत घेतलं, बोट घालून बघितलं, जास्त कढत आहे असं वाटून थोडं गार पाणी ओतलं आणि तो हात मांडीवर घेऊन धुऊ लागली.